आधी चढणाऱ्यांची खोली

"अगं, बॅग सोड. तो चोर नाही. बॅगा नेणं हेच त्याचं काम आहे," लिफ्टवाले बायकोला म्हणाले.

"सगळे चोर असंच म्हणतात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बॅगेचा पट्टा आणखी घट्ट धरला.

हमाल हसला. बंदरावरच्या प्रवासी इमारतीच्या दारात रोज शेकडो बॅगा त्याच्या हातांखालून जात, आणि दर दिवशी एखादी तरी आजी अशी भेटतेच, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. "आजी, तुमच्या आधी तुमची बॅग बोटीवरच्या खोलीत जाऊन बसेल बघा," तो म्हणाला.

"माझ्या आधी? तिला कसली घाई?"

मुलगी मध्ये पडली, "आई, तुझी शाल वर काढून ठेवलीये ना, मग जाऊ दे." बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की ही कोण मध्येच बोलणारी. मुलीने मान वळवली. हल्ली ती अशा वेळी रस्त्याकडे बघायची.

मग लिफ्टवाले वाकून बाईंच्या कानाशी म्हणाले, "बाई, मागे रांग खोळंबलीये."

बाईंनी मागे पाहिलं. खरंच माणसं उभी होती. त्यांनी लगेच पट्टा सोडला, बाजूला झाल्या आणि मागच्या माणसाला म्हणाल्या, "या, पुढे या. धक्काबुक्की नको." सगळं विसरल्या होत्या, पण रांग विसरल्या नव्हत्या.

त्या प्राथमिक शाळेत शिकवत. मुलं त्यांना बाई म्हणत, मुलांचे आईबाप बाई म्हणत, आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवराही बाई म्हणू लागला. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. हातात अवजारांची पेटी, खिशात टॉर्च. कामावरून उतरून बरीच वर्षं झाली, तरी शेजारीपाजारी त्यांना लिफ्टवालेच म्हणत. बोटीच्या प्रवासाचं ठरलं तेव्हा ते सगळ्यांना सांगत सुटले होते, "आयुष्यभर वरखाली केलं. आता एकदा आडवं जाऊन बघतो."

गाडीपाशी उभ्या असलेल्या जावयाने हात उंच करून निरोप घेतला. "बाबा, लाउंजमध्ये पोटभर खाऊन घ्या हं. निदान तेवढे तरी वसूल करा!"

लाउंजवरून घरात चांगलंच वाजलं होतं. मुलीच्या जेवणाच्या टेबलावर जावई लॅपटॉप उघडून तिकिटं काढत होता. सगळं नीट जमलं होतं. खिडकीची खोली मिळाली, जेवणाचं ठरलं. शेवटी पडद्यावर एक चौकट आली. जादा पैसे भरले, तर रांगेत उभं राहायला नको, वेगळ्या लाउंजमध्ये बसायचं आणि सगळ्यांच्या आधी बोटीवर चढायचं.

"हे घेऊन टाक," लिफ्टवाले म्हणाले.

"बाबा, हे निव्वळ लुबाडणं आहे. मी वाचलंय ना. चार सोफे, कॉफीचं यंत्र आणि बिस्किटं. बोट काय लाउंजवाल्यांना घेऊन आधी सुटते का? सुटायची तेव्हाच सुटते, सगळ्यांना घेऊन."

"ते खरं आहे."

"मग? आधी चढून करणार काय? खोल्यासुद्धा दुपारशिवाय उघडत नाहीत. इथे बसण्याऐवजी तिथे बसायचं, एवढंच."

"एवढंच," लिफ्टवाले म्हणाले. "पण घेऊन टाक."

जावई हिशेबातला माणूस. वाईट नव्हता, पण जिथे दोन अधिक दोन चार होत नाहीत तिथे तो अस्वस्थ व्हायचा. त्याने बायकोकडे पाहिलं. बायको भांडी आवरायला उठली होती.

"तुझ्या सासूला रांगेत उभं करता येत नाही," लिफ्टवाले शेवटी म्हणाले. "मागच्या महिन्यात दवाखान्यात औषधाच्या रांगेत होतो. मी कागद द्यायला पुढे झालो, तेवढ्यात ती दुसऱ्याच माणसाच्या मागे चालायला लागली. माझ्यासारखाच राखाडी शर्ट होता त्याचा. तो बिचारा बसच्या थांब्यापर्यंत गेला, आणि ही त्याच्या शर्टाचं टोक धरून. त्याला वाटलं, म्हातारीला रस्ता ओलांडायचा असेल."

जावयाने त्या चौकटीत खूण केली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, जे करायचं ते याच वर्षी करा. करायचं असं एकच होतं. दुसरीच्या पुस्तकात बोटीचा धडा होता. बाई फळ्यावर पांढऱ्या खडूने बोट काढायच्या. गोल खिडक्या, वर धुराडं, खाली निळ्या खडूच्या लाटा. बोट पाण्यावर का तरंगते, नांगर म्हणजे काय, हे सगळं सांगून झालं की शेवटी आवाज बारीक करून म्हणायच्या, "आणि गंमत माहिती आहे का? खूप दिवस बोटीत राहून माणूस खाली उतरला, की त्याला जमीन हलल्यासारखी वाटते म्हणतात." हे त्यांना एका मुलाच्या वडिलांनी सांगितलं होतं. ते बोटीवर कामाला होते. मुलं लगेच हलत्या जमिनीवर चालल्यासारखी वर्गभर डुलायची. मग दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, "बाई, तुम्ही बसलात बोटीत?"

"अजून नाही," बाई म्हणायच्या.

शाळा सुटायच्या वेळी लिफ्टवाले त्यांना घ्यायला जात आणि खिडकीबाहेर उभे राहत. हे "अजून नाही" त्यांनी किती वेळा ऐकलं असेल. दर वेळी वाटायचं, पुढच्या वर्षी. मग मुलीचं शिक्षण, मग घराचं छप्पर, मग गुडघे. पुढचं वर्ष पुढेच राहिलं. आता ते हातात होतं, आणि बाई निसटत चालल्या होत्या.

लाउंज जावयाने सांगितलं होतं तसंच निघालं. सोफे, कॉफीचं यंत्र, बिस्किटं. पण सजवणाऱ्याने हौसेने सजवलं होतं. निळा गालिचा, पांढऱ्या भिंती, भिंतीवर गोल आरसे, लाल-पांढरं रबरी कडं, दाराशी पितळी घंटा. खोली सांभाळणारी लाउंजवाली मध्यम वयाची होती. तिचा गणवेश पांढराशुभ्र आणि गळ्यात निळा रुमाल. समोरची सबंध भिंत काचेची होती, आणि काचेपलीकडे बोट. ती इतकी जवळ आणि इतकी मोठी होती, की ना आकाश दिसत होतं ना पाणी. नुसती पांढरी भिंत, तिच्यात खिडक्यांच्या ओळी आणि त्यावर सज्जे.

बाई काचेजवळच्या सोफ्यावर बसल्या. हाताने सोफा चाचपला, गालिच्यावर पाय दाबून पाहिला, गोल आरशांकडे, रबरी कड्याकडे, गणवेशाकडे नजर फिरवली. आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण, जो सकाळपासून, खरं तर कित्येक महिन्यांपासून होता, तो सुटला.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

लाउंजवालीने चहा आणून ठेवला. लिफ्टवाल्यांनी तिला हळूच विचारलं, "ताई, खरं सांगा. आमचे जावई म्हणतात हे लाउंज म्हणजे पैसे पाण्यात. अर्थ असतो का हो याला काही?"

तिला हा प्रश्न नवा नव्हता. "ज्याला घाई असते त्याला नसतो," ती म्हणाली. "तो इथे बसून पण घड्याळच बघतो. दमलेल्याला असतो." मग जरा हसून म्हणाली, "आणि चहा गरम असतो."

शेजारच्या सोफ्यावर एक लहान मुलगी आईच्या मांडीवर पाय टाकून लोळत होती. आई मोबाईलवर कुणाशी तरी बोलत होती. मुलीने चौथ्यांदा की पाचव्यांदा विचारलं, "आपण बोटीत कधी जायचं?"

"काय झालं बाळ?" बाईंनी विचारलं.

"मला बोटीत जायचंय."

"मग? आपण बोटीतच आहोत की."

मुलगी उठून बसली. "नाही. बोट ती आहे." तिने काचेकडे बोट दाखवलं.

"ती?" बाई हसल्या. मुलांच्या चुकीला हसायचं तसं, चिडवणारं नव्हे, जवळ घेणारं. "ती इमारत आहे. खिडक्या बघ किती. माणसं राहतात तिथे. तो बघ, वर टॉवेल वाळत घातलाय कुणीतरी. बोटीवर कुणी टॉवेल वाळत घालतं का?"

सज्जाच्या कठड्यावर खरोखरच एक टॉवेल होता. मुलगी विचारात पडली.

"मग ही बोट हलत का नाही?"

"शाब्बास! चांगला प्रश्न आहे." बाई पुढे सरकल्या. "पृथ्वी हलते की नाही? केवढी गरगर फिरते. कळतं का तुला?"

"नाही."

"का नाही कळत? कारण ती मोठी आहे आणि आपण तिच्या पोटात बसलोय. मोठी वस्तू हलते तेव्हा आतल्याला कळत नाही. मग ओळखायचं कसं? बाहेर बघायचं. बाहेरचं मागे जायला लागलं, की समजायचं आपण निघालो."

मुलीने लिफ्टवाल्यांकडे पाहिलं. मोठ्या माणसाने निवाडा करावा, अशा नजरेने. लिफ्टवाल्यांच्या तोंडात वाक्य तयार होतं. पण बाईंचा आवाज ताठ झाला होता, हात खडू धरल्यासारखा हवेत होता. वाक्य मध्ये तुटत नव्हतं, शब्द शोधावा लागत नव्हता. हा आवाज ऐकून किती काळ लोटला होता! त्यांनी मुलीला फक्त मान हलवून दाखवली. ती मान हो म्हणाली की नाही, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"बिस्कीट खा," बाई मुलीला म्हणाल्या. "पण चुरा सांडायचा नाही. बोटीवर उंदीर होतात."

तेवढ्यात पितळी घंटा वाजली. "चला मंडळी," लाउंजवाली म्हणाली, "तुमच्यासाठी दार आधी उघडलंय."

माणसं उठली. मुलीची आईही उठली. मुलीने दारातून वळून हात केला, "आजी, या ना!"

"अगं, कुठे निघालीस?" बाई ताडकन उभ्या राहिल्या. "अहो, धरा तिला! बाहेर कुठे जातेय ती?"

"बोटीवर चाललीये ती. आपणही चाललोय. चल."

"बोटीवर? मग ही काय आहे?"

लिफ्टवाल्यांनी त्यांचा दंड धरला, शाल खांद्यावर नीट केली आणि गोड बोलत त्यांना दारापर्यंत आणलं. दारापलीकडे बोटीत शिरणारा काचेचा लांबट पूल होता. दाराचा उंबरठा आणि पूल यांच्यात वीतभर फट होती, आणि फटीतून खाली खोल, हिरवंकाळं पाणी हिंदकळत होतं.

बाईंनी ते पाहिलं. दोन्ही हातांनी त्यांनी दाराची चौकट धरली.

"पाणी आहे! बाहेर पाणी आहे! कुणी दाराजवळ यायचं नाही. मुलं मोजा! आधी मुलं मोजा!"

मागची माणसं थबकली. कुणीतरी चुकचुकलं. एक गृहस्थ म्हणाले, "आजोबा, जरा बाजूला घ्या ना त्यांना. आधी चढायचे पैसे भरले ते काय इथे खोळंबायला?" त्यांची बायको पुटपुटली, "अशा माणसांना आणतात तरी कशाला." लिफ्टवाल्यांनी ऐकलं. ते भिंतीला चिकटून उभे राहिले आणि चौकट धरलेल्या बाईंच्या बाजूने माणसं एकेक करून आत गेली. आधी लाउंजची, मग खालच्या मोठ्या दालनातली. सगळा गाव पुढे गेला.

बोटीवरचा एक अधिकारी आला. तरुण, नम्र. "चाकाची खुर्ची मागवू का, साहेब? दोघं जण दोन्हीकडून धरतील. क्षणभराचं काम आहे. एकदा वर गेल्या की बरं वाटेल त्यांना."

"नको," लिफ्टवाले म्हणाले. "ओढायचं नाही."

हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हेच शिकवलं होतं. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली आणि आतलं माणूस घाबरलं, तर त्याला ओढायचं नाही. ओढलं की ते भलत्या ठिकाणी पाय टाकतं. आधी त्याच्याशी बोलायचं. ते जिथे आहे तिथेच त्याला स्वस्थ करायचं. लिफ्ट काय, नंतर हलेल.

बाईंची आणि त्यांची ओळखच तशी झाली होती. शिक्षण खात्याच्या कचेरीतली लिफ्ट अडकली होती, आत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेतलेल्या एक बाई. "घाबरू नका," त्यांनी वरून हाक दिली. "मी घाबरलेली नाही," आतून थरथरता आवाज आला. शिक्षिका आहेत असं कळल्यावर ते म्हणाले, मग माझा पाढा तपासा. आणि तारा जोडता जोडता तेराचा पाढा म्हणू लागले. दोन ठिकाणी चुकले. दार उघडलं तेव्हा थरथर कुठल्या कुठे गेली होती. बाहेर पाय टाकत बाई म्हणाल्या, "आधी पाढे पाठ करा. मग लिफ्टला हात लावा." त्या चुका खऱ्या होत्या की मुद्दाम केलेल्या, हे त्यांनी बाईंना कधीच सांगितलं नव्हतं.

आता ते चौकटीशी उकिडवे बसले. गुडघे कुरकुरले. मान वर करून म्हणाले, "बाई, माझा पाढा तपासता का?"

बाईंचे डोळे पाण्यावर होते.

"तेरा एके तेरा," लिफ्टवाले म्हणाले. "तेरा दुणे सव्वीस. तेरा त्रिक एकोणचाळीस. तेरा चोक चोपन्न."

फटीतून पाण्याचा आवाज येत राहिला.

"तेरा चोक चोपन्न," ते पुन्हा म्हणाले.

"बावन्न," बाई म्हणाल्या.

"बावन्न. तेरा पाचे पासष्ट. तेरा सक... सक..."

"अठ्ठ्याहत्तर! किती वेळा सांगायचं?" एक हात चौकटीवरून निघाला आणि दटावायला वर आला. लिफ्टवाल्यांनी तो अलगद आपल्या हातात घेतला. मग दुसराही आला. हात गार होते.

पूल रिकामा होता. पलीकडच्या टोकाला तो अधिकारी उभा होता. त्याने खूण केली, आता आणा. आणि खरंच, त्या क्षणी आणता आलं असतं. पाढा म्हणत म्हणत, पाठीवर हात ठेवून, खाली बघू न देता.

"कुठे जायचं, बाई?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"कुठे म्हणजे? आपल्या जागेवर. खिडकीपाशी."

ते थोडा वेळ पुलाकडे बघत राहिले. पुलाच्या टोकाला आतला उजेड दिसत होता, कुठेतरी वाद्यं वाजत होती. वर कुठेतरी डेकवर आरामखुर्च्या असणार. त्यांतल्या दोन त्यांनी चित्रात पाहून मनात राखून ठेवल्या होत्या. पांढरे कॅनव्हासचे बूटही घेतले होते. त्या बुटांवरून मुलगी हसली होती, "बाबा, अगदी कप्तान!"

"राहू द्या," ते अधिकाऱ्याला म्हणाले. "आम्ही येत नाही."

"साहेब, पैसे परत मिळायचे नाहीत."

"ठाऊक आहे."

"आणि तुमची बॅग वर गेलीये. आता खाली काढणं अवघड आहे. बोट परत आल्यावर..."

"येऊ दे फिरून," लिफ्टवाले म्हणाले. "तिला तरी बघू दे."

बाई खिडकीपाशी बसल्या. त्यांनी शाल गुडघ्यांवर पसरली. जणू काही घडलंच नव्हतं. लिफ्टवाल्यांनी जरा दूर जाऊन मुलीला फोन लावला. मुलीने ऐकून घेतलं. मग जावयाने फोन घेतला.

"बाबा, असं कसं? एवढं सगळं करून? एकदा मनाविरुद्ध न्या त्यांना. वर गेल्या की होतील शांत."

"अरे, तिच्या मते ती बोटीतच आहे. तिला बोटीवर न्यायचं, तर आधी बोटीवरून उतरवावं लागेल. ते मला जमायचं नाही."

मग जावई म्हणाला, "आम्ही मागे फिरतो. येतोच तुम्हाला घ्यायला."

"आत्ता नका येऊ," लिफ्टवाले म्हणाले. "आत्ता कुठे निघतोय आम्ही. संध्याकाळी या."

भोंगा वाजला. खोलीची काच थरथरली आणि कपातल्या चहावर बारीक वर्तुळं उठली. लिफ्टवाले बाईंच्या शेजारी येऊन बसले.

समोरची पांढरी भिंत सरकू लागली. इतकी हळू, की आधी वाटलं डोळेच फिरताहेत. एक खिडकी काचेच्या कडेमागे गेली, मग दुसरी, मग ओळच्या ओळ. तो टॉवेल असलेला सज्जा आला आणि गेला. लिफ्टवाल्यांनी नकळत सोफ्याचा हात धरला. बोट जातेय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी वाटलं, आपणच चाललोय.

"सुटलो," बाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याच्या मनगटावर हात ठेवला. "अहो, सुटलो आपण. बघा, इमारत मागे चालली."

सज्जांतून माणसं हात हलवत होती. किनाऱ्याला, इमारतीला, कुणालाच नव्हे अशी. त्यांत एका ठिकाणी ती लहान मुलगी होती की नाही, खालून ओळखू येत नव्हतं. बाईंनी हात उंच केला आणि त्यांना निरोप दिला.

"बिचारे," त्या म्हणाल्या. "राहिले ना ते. त्यांना नाही यायला मिळालं."

"हो," लिफ्टवाले म्हणाले.

"तोंड का पाडलंय? बोट लागते का तुम्हाला?"

"नाही गं."

"लिंबू चोखा. वर्गात सांगते मी नेहमी."

भिंत संपली, आणि एकदम उजेड आत आला. काचेपलीकडे समुद्र पसरला होता. इतका वेळ बोटीने झाकलेला. बाई बघत राहिल्या. कितीतरी महिन्यांत त्या एवढ्या वेळ एका जागी बसल्या नव्हत्या. घरी दर थोड्या वेळाने उठून दारापाशी जायच्या, घरी जायचंय म्हणायच्या. इथे नाही म्हणाल्या.

लाउंजवाली रिकामे कप गोळा करत होती. बोट गेली की ही खोली बंद होते, हे लिफ्टवाल्यांना दारावरच्या पाटीवरून कळलं होतं. ते उठू लागले, तशी तिने हातानेच त्यांना थांबवलं. "बसा. कुलूप मीच लावते." तिने पलीकडचे दिवे बंद केले, कॉफीचं यंत्र पुसलं, दोन कप चहा आणून ठेवला आणि कोपऱ्यात पायातले बूट काढून बसली.

दुपारभर प्रवास झाला. बाईंनी दोन पक्षी दाखवले. एक लांबची होडी दाखवली. नांगर म्हणजे काय, ते लिफ्टवाल्यांना समजावून सांगितलं. त्यांनी दोन चुकीचे प्रश्न विचारले, तेव्हा पुन्हा समजावलं. मध्ये एकदा त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या घरी कोण कोण असतं?" लिफ्टवाले म्हणाले, "बायको असते. शिक्षिका आहे." बाई म्हणाल्या, "तिलाही आणायचं होतं." ते म्हणाले, "आणलंय." आणि मग बराच वेळ ते समुद्राकडे बघत राहिले, कारण बाईंकडे बघवत नव्हतं.

ऊन उतरलं. पाण्यावर तांबूस पट्टा पडला. मुलीचा फोन आला, दाराशी आलोय म्हणून. आता बाईंना इथून बाहेर कसं काढायचं? लिफ्टवाल्यांनी लाउंजवालीकडे पाहिलं.

तिने बूट चढवले, गळ्यातला रुमाल नीट केला, दाराशी गेली आणि पितळी घंटा वाजवली.

"उतरायचं ठिकाण आलं," ती मोठ्याने म्हणाली. "सावकाश उतरा. सामान विसरू नका."

बाई लगेच उठल्या. शालीची घडी घातली, पर्स घेतली, सोफ्यावर चुरा सांडलाय का पाहिलं आणि शिस्तीत दाराकडे निघाल्या. समुद्राकडच्या नव्हे, रस्त्याकडच्या. दाराशी थांबून लाउंजवालीला म्हणाल्या, "प्रवास फार छान झाला. बोट अजिबात हलत नाही तुमची."

"पुन्हा या, आजी."

"येऊ की."

लिफ्टवाल्यांना तिच्याशी काहीतरी बोलायचं होतं. ते हात जोडायला गेले, तर तिने मध्येच म्हटलं, "जपून जा. खाली पायरी आहे."

इमारतीच्या दारात गाडी उभी होती. मुलीचे डोळे सुजले होते. ती गाडीतच बसून राहिली. जावई बाहेर आला. सकाळी हसून बोललेलं त्याला आठवत असावं. त्याने मागचं दार उघडून धरलं आणि विचारलं, "आई, कसा झाला प्रवास?"

"तुम्ही यायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "जागा होती."

"पुढच्या वेळी येतो," जावई म्हणाला. त्याने सासऱ्याकडे पाहिलं.

बाई पायरी उतरल्या. एक पाऊल टाकलं आणि थांबल्या. दोन्ही हात किंचित बाजूला पसरले, तोल सावरावा तसे. खाली फरशीकडे पाहिलं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "जमीन हलतेय."

लिफ्टवाल्यांच्या हातात ना बॅग होती, ना पेटी. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बाईंनी ते धरले.

"खरंच हलते हो. सांगितलं होतं ना मी मुलांना?"

"सांगितलं होतंस."

गाडीचं दार उघडं होतं. जावई ते तसंच धरून उभा होता.

"थांबली की सांग," लिफ्टवाले म्हणाले, आणि दोघं तिथेच उभे राहिले.